पंडिता रमाबाई : अपमान आणि क्षमा

शरीरावरील घाव औषधानें भरून येतो. मनावरील घाव मात्र पुष्कळदां मनुष्य स्वतःच भरूं देत नाहीं. कोणीं काय म्हटलें, कोणत्या प्रसंगीं म्हटलें, तेव्हां कोण कोण हजर होते, हें सारें तो जपून ठेवतो आणि वरचेवर बाहेर काढून न्याहाळतो. अपमानाची ही ठेव सावकाराच्या मुदलाप्रमाणें व्याज घेत वाढत जाते. सर्व धर्मांच्या आचार्यांनीं या विकाराचा विचार केला आहे. ख्रिस्ती धर्मांत तर क्षमा हा उपासनेचाच एक भाग मानला गेला आहे. कारण स्वतःच्या अपराधांची क्षमा मागणाऱ्यानें दुसऱ्याच्या अपराधांची क्षमा केलीच पाहिजे, अशी अट त्या धर्मांतील नित्य प्रार्थनेंतच घातलेली आहे.

परंतु ख्रिस्ती क्षमेचा अर्थ निमूटपणें सोसणें एवढाच समजणें ही चूक होय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत याविषयीं एक क्रम घालून दिला आहे. भावानें अपराध केला, तर प्रथम त्याच्याकडे एकांतांत जाऊन त्याचा दोष त्याला सांगावा; त्यानें ऐकलें नाहीं, तर एक-दोन जणांस बरोबर न्यावें; आणि तेंहि निष्फळ झालें तरच तें मंडळीपुढें मांडावें. त्याच अध्यायांत पुढें पेत्र विचारतो कीं, सात वेळां क्षमा केली म्हणजे पुरे नाहीं काय? त्याला जो आंकडा सांगण्यांत येतो तो इतका मोठा आहे कीं, मोजणाऱ्यानें मोजणेंच सोडून द्यावें. दोष स्पष्ट सांगावा आणि क्षमाहि करावी, अशा या दोन आज्ञा एकाच अध्यायांत शेजारीं शेजारीं आहेत. व्यवहारांत मात्र त्यांची फारकत झालेली दिसते. ज्याला दोष सांगतां येतो त्याला क्षमा करवत नाहीं; आणि जो क्षमा केली म्हणतो त्याच्या अंगीं पुष्कळदां दोष सांगण्याचें धैर्यच नसतें.

या दोन्ही आज्ञा एकाच आयुष्यांत कितपत पाळल्या जाऊं शकतात, हें पाहावयाचें असेल तर महाराष्ट्राला दूर जावयास नको. पंडिता रमाबाईंचें चरित्र त्यासाठीं पुरेसें आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयीं व कार्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांचा अपमान किती बाजूंनीं झाला आणि त्या त्या वेळीं त्यांनीं काय केलें, या प्रश्नाकडे मात्र तितकेंसें लक्ष गेलेलें नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे शास्त्री. त्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत विद्या शिकविली, आणि या कृत्याबद्दल त्यांना पंडितांच्या सभेपुढें शास्त्राधार दाखवून आपली बाजू मांडावी लागली. रूढीबाहेर पाऊल टाकणाराच्या वाट्याला काय येतें, याचा परिचय त्या घराला असा आधींपासूनच होता. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले. पाठोपाठ थोरली बहीण गेली. रमाबाई व बंधु श्रीनिवास हीं दोघें पायीं हिंडत, पुराणें सांगत, उपाशीतापाशी १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० सालीं बंधु निवर्तले. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. वर जातीनें वेगळे असल्यामुळें हा विवाह नोंदणीपद्धतीनें झाला व जातगंगेंतून त्या वजा झाल्या. दोन वर्षेंहि पूर्ण झालीं नाहींत तोंच पटकीनें पति गेले, आणि मनोरमा नांवाची तान्ही मुलगी घेऊन १८८२ सालीं त्या पुण्यास आल्या.

पुण्यानें प्रथम त्यांचें कौतुक केलें. न्यायमूर्ति रानड्यांसारख्यांचा आश्रय मिळाला, आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें, हंटर कमिशनपुढें त्यांची साक्ष झाली. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे या त्या सभांस जात आणि त्याबद्दल त्यांना घरांतील वडील बायकांचीं बोलणीं खावीं लागत. १८८३ सालीं पंडिता रमाबाई वैद्यक शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या. पुण्यांत काम करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींशीं त्यांची ओळख झालेली होती. त्या भगिनींचा मूळ मठ इंग्लंडांतील वाँटेज येथें होता, व तेथेंच त्या उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता येऊन थडकतांच पुण्याचें कौतुक मावळलें. ज्या बाईला विद्येच्या देवतेचें नांव दिलें, तिनेंच आपल्याला फसविलें, अशी भावना झाली. वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. पुढें तर ‘रेव्हरंड’ या ख्रिस्ती उपपदावर श्लेष करून त्यांच्या वैधव्यास डागण्या देणारा एक शब्द प्रचारांत आला. तो येथें उच्चारण्याचें कारण नाहीं. उलट बाजूला महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू घेतली, हेंहि सांगितलें पाहिजे. स्वजनांचा राग अनपेक्षित नव्हता. कसोटी पाहणारा प्रसंग आला तो निराळ्याच दिशेनें, म्हणजे ज्यांच्या धर्मांत त्या गेल्या त्यांच्याचकडून.

वाँटेजच्या मठांतील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या होत्या. मनोरमेमुळें त्यांना ‘आजीबाई’ हें नांव पडलें, आणि रमाबाईहि पत्रांतून त्यांना त्याच नांवानें हांक मारीत. माया खरी होती. परंतु त्या मायेंत एक गृहीत दडलेलें होतें. बाप्तिस्मा घेतला म्हणजे या हिंदी शिष्येनें आतां मठानें सांगितलेलें निमूटपणें ऐकावें, असें सिस्टरना वाटे. रमाबाईंनीं बुद्धि गहाण टाकून धर्म स्वीकारला नव्हता. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून तों इंग्लंडच्या धर्मपीठाच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीविषयीं त्या प्रश्न विचारीत. सिस्टरना हे प्रश्न म्हणजे गर्वाचीं लक्षणें वाटत.

वाद नेहमींच तत्त्वज्ञानाचा होता असें नाहीं. रमाबाई शाकाहारी होत्या व इंग्लंडांतहि तशाच राहिल्या. गोड पदार्थांत अंडें असलें तर त्या तो पदार्थ वर्ज्य करीत. यांत सिस्टरना जुन्या जातिभेदाचा अवशेष व अहंकार दिसे. रमाबाईंनीं याला जें उत्तर लिहिलें त्यांत विनोद आहे आणि तितकीच धारहि आहे. माझा गर्व शोधावयाचाच असेल तर तो भातांत, दुधांत, पायमोज्यांत आणि रोज जाळीत असलेल्या कोळशांतसुद्धां सांपडेल, असा त्याचा आशय होता. क्रूसावरील अक्षरें लॅटिन असावीं ही गोष्टहि त्यांना रुचली नाहीं. लॅटिन भाषेंत असें काय पवित्र आहे कीं जें संस्कृतांत नाहीं, असा त्यांचा प्रश्न होता. या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या भांडणांच्या मुळाशीं एक मोठा प्रश्न होता. ख्रिस्ती होणें म्हणजे इंग्रज होणें काय? रमाबाईंचें उत्तर ठाम नकाराचें होतें.

सर्वांत मोठा खटका उडाला तो चेल्टनहॅम येथें. तेथील स्त्रियांच्या कॉलेजांत त्या शिकत होत्या व संस्कृत शिकवीतहि होत्या. मुख्याध्यापिका मिस डॉरोथिया बील यांची त्यांच्यावर फार मर्जी होती. पुरुष विद्यार्थ्यांसहि त्यांनीं शिकवावें असा विचार निघाला, तेव्हां मुंबई व लाहोर येथील बिशपांचा त्याला विरोध आला. बाईनें पुरुषांस शिकविलें तर हिंदुस्थानांतील स्त्रियांमध्यें तिचें वजन राहणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. ज्या बाईनें कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत भरसभेंत पुरुषांपुढें शास्त्रार्थ केला होता, तिच्याविषयीं तिला न विचारतां झालेला हा निर्णय होता. १८८५ सालच्या पत्रांत रमाबाईंनीं आपलें मत स्वच्छ मांडलें. ख्रिस्ताच्या मंडळींत आपण आलों, हें खरें. परंतु धर्माधिकाऱ्याच्या मुखांतून निघणारा प्रत्येक शब्द आपणांस बांधील नाहीं. मोठ्या कष्टानें एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून उतरविलें, तें दुसरें तसलेंच जूं चढवून घेण्यासाठीं नव्हे, असा त्या पत्रांतील भाव आहे.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, यांत क्षमा ती कोठें आहे? पत्रांतील भाषा सौम्य नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. तरीपण तीन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पहिली ही कीं, जें बोलावयाचें तें रमाबाईंनीं ज्यांच्याशीं बोलावयाचें त्यांच्याशींच, खाजगी पत्रांतून बोललें. त्या वेळीं इंग्लंडांतील मठवासिनींविरुद्ध एक लेख त्यांनीं पुण्यास धाडला असता, तर पुण्याच्या वर्तमानपत्रांनीं तो आनंदानें छापला असता, आणि गेलेली लोकप्रियता अर्धीअधिक परत मिळाली असती. तो सौदा त्यांनीं केला नाहीं. दुसरी गोष्ट, त्यांनीं मतभेद लपविला नाहीं आणि संबंधहि तोडला नाहीं. तिखट पत्राच्या मायन्यांत ‘आजीबाई’ कायम राहिल्या. मनोरमेच्या शिक्षणाच्या निमित्तानें वाँटेजशीं पुढेंहि जाणें-येणें राहिलें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लंडनमध्यें या भगिनी पतित स्त्रियांच्या उद्धाराचें काम करीत. तें त्यांनीं रमाबाईंस नेऊन दाखविलें होतें. समाजानें टाकून दिलेल्या बाईची कोणी मायेनें शुश्रूषा करावी, हें दृश्य त्यांच्या मनावर कायमचें कोरलें गेलें. बिशपांचा राग आला म्हणून या गोष्टीचें ऋण त्यांनीं नाकारलें नाहीं. १९०७ सालीं आपल्या धर्मजीवनाची हकीकत त्यांनीं लिहिली, तींत वाँटेजच्या भगिनींचा आणि मिस बील यांचा उल्लेख कृतज्ञतेनेंच केला आहे. बावीस वर्षांपूर्वींच्या भांडणाची कडवट चव त्या लिखाणांत उरलेली नाहीं.

सिस्टर जेराल्डिन यांच्या बाजूनेंहि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हा सारा पत्रव्यवहार त्यांनींच जपून ठेवला व जुळवून लावला. त्यांत त्यांना स्वतःला लागलेले शब्दहि होते. तीं पत्रें फाडून टाकणें त्यांना सहज शक्य होतें. १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें हा संग्रह प्रसिद्ध केला, तो त्यांनीं तीं जपलीं म्हणूनच. जिच्याशीं भांडण झालें तिचा शब्द न खोडतां ठेवणें, हीहि क्षमेचीच एक रीत आहे.

१८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठीं रमाबाई अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेल्या. पुढल्या वर्षीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन येथें त्यांच्या कार्यास दहा वर्षें साह्य करण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें. त्या मदतीच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ विधवांसाठीं ‘शारदा सदन’ उघडलें, आणि १८९० च्या अखेरीस तें पुण्यास आलें. सदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, मुलींनीं आपापले आचार पाळावे, असें ठरलें होतें. सोवळ्या-ओवळ्याची व्यवस्थाहि ठेवली होती. रानडे, डॉ. भांडारकर, तेलंग अशा मान्यवरांनीं सल्लागार म्हणून आपलीं नांवें दिलीं. सदनांत प्रथम दाखल झालेली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. याच पुढें ११ मार्च १८९३ रोजीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाहबद्ध झाल्या.

येथून वादाचा दुसरा, अधिक दुःखद भाग सुरू होतो. रमाबाई आपल्या खोलींत मनोरमेसह सकाळीं प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. ‘केसरी’नें हा प्रश्न लावून धरला. सदन धर्मनिरपेक्ष म्हणतां आणि बाईंच्या खोलींत मुली येशूची प्रार्थना करतात, हें कसें, असा त्याचा सवाल होता. पालक अस्वस्थ झाले. सल्लागारांनीं खुलासा मागितला. रमाबाईंचें म्हणणें असें होतें कीं, हिंदु मुलींस त्यांच्या पूजेची जितकी मोकळीक आहे, तितकीच आपल्यालाहि आपल्या प्रार्थनेची असली पाहिजे. आपण कोणालाहि बोलावीत नाहीं. परंतु येऊं पाहणारीला हांकलून दार लावून घेणार नाहीं. ऑगस्ट १८९३ मध्यें रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अमेरिकेंतील मंडळास पत्र लिहून सदनाशीं असलेला आपला संबंध तोडला. वीस-पंचवीस मुलींस पालकांनीं काढून नेलें.

या प्रसंगाकडे निःपक्षपातीपणें पाहिलें पाहिजे. सल्लागारांची तक्रार निराधार नव्हती. त्यांनीं आपल्या नांवाची जामिनकी पालकांकडे दिलेली होती. कोवळ्या वयाच्या, आश्रित मुलींच्या मनावर संचालिकेच्या नुसत्या उदाहरणाचाहि केवढा परिणाम होतो, हें कोणत्याहि शिक्षकास ठाऊक असतें. दार उघडें ठेवणें आणि आंत बोलावणें, यांतील सीमा कागदावर दिसते तितकी रुंद नसते. १८९५ सालीं सदनांतील कांहीं मुलींनीं प्रत्यक्ष बाप्तिस्मा घेतला, तेव्हां विरोधकांस आपलें भाकीत खरें ठरल्यासारखें वाटलें, यांत नवल नाहीं. म्हणून रानडे-भांडारकरांचें जाणें हा विश्वासघात नव्हे. दोन प्रामाणिक पक्षांनीं एकाच कराराचा निरनिराळा अर्थ लावला होता.

तथापि रमाबाईंना तो घाव लागला असणार, हेंहि उघड आहे. ज्यांनीं पुण्यांत पहिला हात दिला होता, तेच हात आतां मागें घेतले गेले होते. आणि रस्तोरस्तीं, वर्तमानपत्रांतून जो उपहास चालला होता, त्याला कराराच्या अर्थाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. अशा वेळीं दोन मार्ग मोकळे होते. पहिला, दार लावून घेऊन प्रार्थना गुप्तपणें करावी व पाठिंबा टिकवावा. दुसरा, पुण्यावर रागावून सदन दुसऱ्या प्रांतीं न्यावें. रमाबाईंनीं दोन्हीहि केलें नाहीं. दार उघडेंच राहिलें आणि सदन पुण्यांतच राहिलें. ज्या मुली राहिल्या त्यांचें शिक्षण चालू राहिलें. बोस्टनच्या मंडळानें खुलासा ऐकून त्यांच्यावर आपला विश्वास कायम ठेवला. विरोधकांस त्यांनीं जें खरें उत्तर दिलें, तें पुढल्या तीन-चार वर्षांच्या कृतीनें दिलें.

याच सुमारास त्यांच्या आंतरिक जीवनांतहि पालट झाला होता. पुढें त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे कीं, इंग्लंडांत आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला, परंतु ख्रिस्त सांपडला तो कित्येक वर्षांनंतर. इंग्लंडांतील पत्रें लिहिणाऱ्या रमाबाई वादांत जिंकूं पाहतात. पुण्यांतील रमाबाईंना जिंकण्याची गरज पूर्वीइतकी उरलेली दिसत नाहीं. मत तितकेंच ठाम राहिलें. स्वतःचा बचाव करण्याची घाई मात्र कमी झाली. आध्यात्मिक परिपक्वता म्हणतात ती बहुधा हीच असावी. मनुष्याला बोचणें बंद होत नाहीं, पण बोचलेल्या जागेभोंवतीं सारें आयुष्य फिरत राहत नाहीं.

तथापि ही शांति म्हणजे उदासीनता नव्हती, याचा पुरावा १८९७ सालीं मिळाला. पुण्यांत प्लेग आला होता आणि सरकारी बंदोबस्ताच्या नांवाखालीं लोकांचे हाल चालले होते. सदनांतील एका मुलीला प्लेगच्या इस्पितळांत जें भोगावें लागलें, त्याविषयीं रमाबाईंनीं ‘बाँबे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रांत उघडपणें लिहिलें. तक्रार इतकी जोराची होती कीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारला तिचा इन्कार करावा लागला. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, मदत देणारे ख्रिस्ती होते, आणि पुण्यांतील लोक त्यांना परकी समजत होते. तरीहि त्यांनीं राज्यकर्त्यांच्या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला. येथें एक भेद ध्यानांत येतो. स्वतःवर झालेला शब्दांचा वार त्यांनीं सोसला; आपल्या आश्रयास असलेल्या मुलीवर झालेला अन्याय त्यांनीं सोसला नाहीं. स्वतःचा अपमान माफ करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. दुर्बळावर होणारा अन्याय परस्पर माफ करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. क्षमेच्या नांवाखालीं या दोहोंची गल्लत पुष्कळ ठिकाणीं होत असते.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या. वीस वर्षांपूर्वीं त्याच भुकेनें त्यांचे आईबाप नेले होते. हाडांचे सांपळे झालेल्या शेंकडों मुली त्यांनीं गोळा केल्या. प्लेगमुळें इतक्या मुलींस पुणें शहरांत ठेवण्यास मनाई झाली, तेव्हां दौंड तालुक्यांतील केडगांव येथें पूर्वीं घेतलेल्या जमिनीवर त्यांस नेण्यांत आलें. सदनाला स्वतःचें उत्पन्न असावें म्हणून तेथें फळझाडें लावलेलीं होतीं. त्यांच्या सावलींत पहिली वस्ती झाली. १८९८ मध्यें ‘मुक्तिसदन’ उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांच्या वर गेली. विणकाम, छापखाना, शेती, आंधळ्या मुलींची शाळा असे नाना उद्योग तेथें चालत. त्यांतच ‘कृपासदन’ हें समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं वेगळें घर होतें. लंडनमध्यें वाँटेजच्या भगिनींनीं जें बीज दाखविलें होतें, तें केडगांवच्या मातींत असें उगवलें. सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं झालेल्या भांडणाला रमाबाईंनीं आपल्या मनाचा दरवाजा अडवूं दिला असता, तर हें घर कदाचित् उभेंच राहिलें नसतें.

१८९३ च्या फुटीचें फळहि केवळ कडूच निघालें असें नाहीं. शारदा सदनावरून हिंदु पालकांचा विश्वास उडाला, आणि विधवांच्या शिक्षणाची गरज तर कायम होती. गोदूबाई, म्हणजे आतां आनंदीबाई कर्वे, यांचे पति धोंडोपंत यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० सालीं तो हिंगण्यास गेला, आणि त्यांतून पुढें केवढी संस्था वाढली हें सर्वश्रुत आहे. रमाबाई रानडे यांच्या हातून १९०९ सालीं पुण्याचें सेवासदन उभें राहिलें. एका सदनाशीं संबंध तुटला, पण ज्या कामासाठीं तें निघालें होतें तें काम तीन ठिकाणीं चालूं लागलें. मतभेदानें काम मरत नाहीं, वैरानें मरतें. पुण्यांत मतभेद झाला आणि बोलणींहि कडू झालीं; परंतु काम करणाऱ्या बायकांनीं एकमेकींच्या संस्था पाडण्यांत आपलीं आयुष्यें वेंचलीं नाहींत, हें पुण्याचें भाग्य.

शेवटचीं वर्षें रमाबाईंनीं बायबलाच्या भाषांतरास वाहिलीं. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून खेड्यांतील बाईलाहि समजेल अशा सोप्या मराठींत त्यांनीं तें केलें, आणि केडगांवच्या छापखान्यांत तेथील बायकांनींच तें जुळवून छापलें. १९१९ सालीं सरकारनें त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई, त्यांचा उजवा हात, त्यांच्या आधीं गेल्या. तेंहि दुःख पोटांत घालून त्यांनीं हातांतलें काम पुरें करीत आणलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागें १९२४ सालीं बाहेर पडला. केडगांवची संस्था अद्याप चालू आहे. १९८९ सालीं भारत सरकारनें त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढलें. ज्या समाजानें एकदां त्यांना परकी ठरविलें होतें, त्यानें त्यांना आपली म्हणून पुन्हां घरांत घेतलें.

रमाबाई निर्दोष होत्या असें म्हणण्याचें कारण नाहीं. त्यांची जीभ तीक्ष्ण होती. त्यांच्या लिखाणानेंहि अनेकांचीं मनें दुखावलीं, आणि त्यांतील कांहीं मनें सरळ होतीं. क्षमेचा इतिहास साधुसंतांच्या मूर्तींतून वाचला तर तो खोटा व निरुपयोगी होतो. ज्यांना राग येतो अशा माणसांच्या आयुष्यांतच तो वाचावा लागतो. रमाबाईंना राग येत असे. त्यांनीं तो ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगितला, पाठीमागें चघळला नाहीं. मत सोडलें नाहीं, माणूसहि सोडलें नाहीं. आणि स्वतःचा अपमान व दुसऱ्यावरील अन्याय यांत फरक केला.

अशीं उघडीं दारें प्रत्येक घरांत लागतात. सासू-सुनांत, भावा-भावांत, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत रोज कोणीतरी दुखावतें, आणि बहुतेक वेळां दोन्ही बाजूंकडे थोडेंथोडें खरें असतें. अशा वेळीं आपलें म्हणणें गिळून टाकण्याची गरज नसते. तें ज्याचें त्याला, एकांतांत, एकदां नीट सांगावें. त्यानंतर मात्र समोरच्यानें परत यावयाचें म्हटलें तर त्याला कडी वाजवावी लागूं नये, एवढी सोय आपल्या बाजूनें करून ठेवावी.